शंभर बोर घाट आणि आठ सेकंद

खोपोलीत घाट सुरू होतो त्या पहिल्या वळणावर आम्ही पोरं मुंबई-पुणे सायकल शर्यत बघायला उभी राहायचो. आधी पोलिसांची गाडी, मग शिट्ट्या, मग दोन-तीन मोटरसायकली आणि मग घोळका. साखळ्यांची किरकिर, टायरांचा एक लांबलचक सूं असा आवाज, धापा टाकत कुणी कुणाला ओरडून सांगितलेला एखादा शब्द, आणि संपलं. तासभर ताटकळून जेमतेम अर्ध्या मिनिटाचं दर्शन. उरलेला दिवस ‘घाटाचा राजा’ कोण झाला असेल, यावर वाद. घाटमाथा सगळ्यांत आधी गाठणाऱ्याला या शर्यतीत हा किताब देतात, आणि त्या वयात मला पुण्यात पहिला येणाऱ्यापेक्षा तोच मोठा वाटायचा.

खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतची चढाई सुमारे ५०० मीटरची. मोठं झाल्यावर आम्हीही साध्या सायकलवर ती चढून पाहिली. मधल्या एका वळणावर उतरून सायकल हातात धरून चालणं हे ठरलेलंच. त्यामुळे जगातला कोणताही घाट मी अजूनही बोर घाटात मोजतो. ‘टूर द फ्रान्स’च्या २३ दिवसांत सायकलपटू एकूण किती चढतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हाही तोच हिशेब केला. आकडा होता ५० हजार मीटरहून जास्त. म्हणजे शंभर बोर घाट. समुद्रसपाटीपासून मोजलं तर कळसूबाई तीसपेक्षा जास्त वेळा, आणि एव्हरेस्ट साडेपाच-सहा वेळा. आणि हे सगळं सुमारे ३,३०० ते ३,४०० किलोमीटरच्या वाटेवर. श्रीनगरहून सायकलला टांग मारावी आणि कन्याकुमारीच्या थोडं अलीकडे उतरावं, एवढं हे अंतर.

टप्पे २१, विश्रांतीचे दिवस २. बाकी रोज चार-पाच तास खोगिरावर. रस्त्यावरचा एकूण वेळ ८० तासांच्या आसपास. २०२५ साली विजेत्या तादेय पोगाचारचा सरासरी वेग ताशी ४२ किलोमीटरहून जास्त होता. हा सपाटीवरचा दहा मिनिटांचा वेग नव्हे. आल्प्स आणि पिरेनीज धरून तीन आठवड्यांची सरासरी आहे. शहरातल्या गर्दीत आपली स्कूटर याच्या निम्म्या वेगानेही चालत नाही.

आता एकाच सायकलपटूकडे बघू. मिनिटाला ९० फेरे या गतीने पेडल फिरवणं ही या मंडळींची साधी चाल. ८० तासांचे होतात ४ लाख ३२ हजार. उतारावर पाय थांबतात तो वेळ वजा केला तरी पावणेचार-चार लाख फेरे उरतात, प्रत्येक पायाचे. गुडघा तेवढ्या वेळा वाकतो, तेवढ्या वेळा सरळ होतो. म्हणून खोगिराच्या उंचीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी हे लोक अस्वस्थ होतात. चार लाख वेळा चुकीचं वाकलेल्या गुडघ्याची किंमत त्यांनी मोजलेली असते. हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १३० धरले तर शर्यतीच्या वेळेतलेच सव्वासहा लाख होतात. आणि तेच हृदय रात्री हॉटेलच्या खोलीत इतकं शांत असतं की मिनिटाला ४० ठोक्यांवर येतं. १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा टूर जिंकणाऱ्या स्पेनच्या मिगेल इंदुराइनचे विश्रांतीतले ठोके २८ असल्याचं सांगितलं जातं. म्हणजे दोन सेकंदांहून जास्त वेळाने एक ठोका.

ताकदीचा हिशेब मला जास्त चकित करतो, कारण तो दोन्ही बाजूंनी चकित करतो. डोंगर चढताना अव्वल सायकलपटू अर्धा-पाऊण तास ४०० वॉटच्या आसपास ताकद लावत राहतो. घरातला पंखा साधारण ७५ वॉटचा. म्हणजे पाच पंखे फिरत राहतील एवढी. शेवटच्या दोनशे मीटरच्या झेपेत स्प्रिंटर काही सेकंद दीड हजार वॉटच्या आसपास पोचतो. तेव्हा त्याच्या दोन पायांनी स्वयंपाकघरातले दोन मिक्सर चालतील. पण स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नाही. खाल्लेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. ४०० वॉटने घाट चढणारा माणूस त्याच वेळी बाराशे-तेराशे वॉटची उष्णता अंगाबाहेर टाकत असतो. कपड्यांची इस्त्रीही साधारण हजार वॉटची असते. ही उष्णता घामावाटे निघाली नाही तर शरीर काही मिनिटांत हात टेकेल, म्हणून तासाला लिटर-दीड लिटर घाम. जुलैच्या उन्हात एखाद्या टप्प्यावर सहा-सात लिटर.

आणि आता दुसरी बाजू. संपूर्ण टूरमध्ये सरासरी २२० वॉट धरले, तर ८० तासांची मिळून ऊर्जा होते साडेसतरा युनिट. विजेच्या बिलावर असतात तीच युनिट. उन्हाळ्यात एक एसी दोन रात्रींत एवढी वीज सहज खातो, आणि आपल्याकडच्या दराने तिची किंमत दोनशे रुपयांच्या आत येते. हे गणित मी तीन वेळा तपासलं. शंभर बोर घाट, सगळं जग बघत असलेले तीन आठवडे, मोडलेली हाडं, आणि त्या सगळ्याची वीज दोनशे रुपयांची. माणसाच्या दोन पायांतून निघणारी ताकद किती मोलाची आहे आणि भिंतीतल्या बटणामागे आपण किती पाय राबवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

या साडेसतरा युनिटांसाठी जेवण लागतं ते मात्र डोळे फिरवणारं. डोंगराळ टप्प्याच्या दिवशी सायकलपटू सहा ते आठ हजार कॅलरी जाळतो. ज्वारीची मध्यम भाकरी दोनशे कॅलरींची धरली तर दिवसाला तीस-चाळीस भाकऱ्या. एवढं कोणी चावून खाऊ शकत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. शरीरातला साखरेचा साठा, म्हणजे स्नायू आणि यकृतातलं ग्लायकोजेन, फार तर चारशे-पाचशे ग्रॅम. सुमारे दोन हजार कॅलरी. जोरात चालवलं तर दोन तासांत संपतो. तो संपला की डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे वाटतात, आणि कालचा विजेता आज रस्त्याच्या कडेने रांगत राहतो. म्हणून भूक लागायच्या आत, खोगिरावर बसून, तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. १२० ग्रॅम म्हणजे चोवीस चमचे साखर. दर तासाला चोवीस चमचे, सलग पाच तास: सहाशे ग्रॅम.

इथे शरीरशास्त्रातली एक बारीक गोष्ट कामी आली. आतड्यातून ग्लुकोज आत घेणारी वाट तासाला साधारण ६० ग्रॅमला तुंबते. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने जातं. दोन्हींचं मिश्रण दिलं तर दोन दारं एकदम उघडतात. तरीही पोट आपोआप तयार होत नाही. पायांसारखाच त्याचाही महिनोन्‌महिने सराव करून घ्यावा लागतो. पाकिटातल्या गोड जेलचा कंटाळा येतो तेव्हा मालिश करणारे सहायक पहाटे शिजवलेल्या भाताच्या वड्या कागदात गुंडाळून देतात. हे मला फार जवळचं वाटतं. जगातली सगळ्यांत महागडी सायकल चालवणारा माणूस खिशातून भाताचा गोळा काढून खातो.

सायकलीचं वजन आंतरराष्ट्रीय नियमाने ६.८ किलोपेक्षा कमी असता कामा नये. घरगुती सिलिंडरमध्ये नुसता गॅस १४.२ किलोचा असतो. त्याच्या निम्म्याहून हलकी ही वस्तू. तिच्यावर सत्तर किलोचा माणूस बसतो आणि टायर जमिनीला टेकतात ती जागा चाकामागे साधारण दहा रुपयांच्या नाण्याएवढी, फार तर थोडी मोठी. या दोन नाण्यांवर ते डोंगर उतरतात, ताशी ८०, ९०, कधी १०० किलोमीटरने. ९० चा वेग म्हणजे सेकंदाला २५ मीटर. वळणावर ओल आहे की नाही याचा विचार मनात येईपर्यंत क्रिकेटची खेळपट्टी मागे पडलेली असते. अंगावर कपडा असतो तो रुमालाच्या जाडीचा. जून २०२३ मध्ये टूर द स्वीस शर्यतीत आल्बुला खिंड उतरताना स्वित्झर्लंडचा गिनो मेडर दरीत पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय २६. उताराचे आकडे लिहिताना त्याला वगळून पुढे जाणं मला जमत नाही.

पडणं हे या आयुष्यात ठरलेलं आहे, आणि पडून पुन्हा बसणंही. २०१३ च्या टूरमध्ये गेरेंट थॉमसच्या कंबरेच्या हाडाला पहिल्याच टप्प्यात तडा गेला. उरलेले २० टप्पे त्याने तसेच पूर्ण केले. पाच वर्षांनी तोच टूर जिंकला. त्याच २०१८ साली अमेरिकेचा लॉसन क्रॅडक पहिल्या दिवशी पडला, खांद्याचं हाड मोडलं, आणि तो पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत एकूण क्रमवारीत रोज सगळ्यांत शेवटचा राहिला. रोज. तरी पॅरिसला पोचला. पण माझ्या मनातून जात नाही तो इटलीचा फिओरेंझो माग्नी. १९५६ ची जीरो दी’तालिया शर्यत, वय ३५, गळपट्टीचं हाड मोडलेलं. डाव्या हाताने हँडल ओढता येईना, तेव्हा त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा हँडलला बांधला, दुसरं टोक दातांत धरलं आणि दातांनी हँडल ओढत बोलोन्याचा चढ चढला. शर्यतीच्या शेवटी तो दुसरा आला.

पूर्वीचे आकडे पाहिले की वाटतं ते लोक वेगळ्याच मातीचे असावेत. १९०३ ची पहिली टूर: टप्पे फक्त सहा, अंतर २,४२८ किलोमीटर. पहिलाच टप्पा पॅरिस ते लियोंचा ४६७ किलोमीटरचा, म्हणजे मुंबईहून कोल्हापूर ओलांडून बेळगावच्या दिशेने बरंच पुढे. साधी जड सायकल, गिअर नाहीत, रात्रीच्या अंधारात कच्चे रस्ते. मोरिस गारँ हा टप्पा पावणेअठरा तासांत जिंकला. आधी तो धुराडी साफ करायचं काम करत असे. निघाले ६०, पोचले २१, आणि गारँ दुसऱ्याच्या पुढे होता सुमारे तीन तासांनी. १९१९ मध्ये, महायुद्ध संपल्यावर साडेसात महिन्यांनी, युद्धाने उखडलेल्या रस्त्यांवर ६७ जण निघाले आणि अधिकृत निकालात उरले १०. सगळ्यांत लांब टूर १९२६ ची: ५,७४५ किलोमीटर. विजेत्या ल्युसियाँ ब्यूसला लागले २३८ तास, म्हणजे आजच्या तिप्पट. आणि १९१३ मध्ये युजीन क्रिस्तोफ: तुर्माले खिंडीच्या उतारावर पुढच्या चाकाचा चिमटा मोडला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची. सायकल खांद्यावर घेऊन तो काही तास डोंगर उतरला, खालच्या गावात लोहाराची भट्टी शोधली आणि स्वतःच्या हाताने लोखंड ठोकून चिमटा सांधला. एका मुलाने भाता हलवून दिला म्हणून वर दंडाची मिनिटं पदरात पडली.

तेव्हाचा माणूस जास्त कणखर होता की आजचा, असा वाद नेहमी घालतात. मला तो निरर्थक वाटतो. अंतर कमी झालं ते वेगाच्या बदल्यात. आणि वेगाला हवा आडवी येते.

सपाट रस्त्यावर ताशी चाळिशीच्या पुढे सायकलपटूची जवळजवळ सगळी ताकद हवा कापण्यात जाते. आणि ती साध्या पटीने वाढत नाही. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद एक तृतीयांश जास्त लागते. वेग दुप्पट करायचा तर आठपट. एकट्या माणसाचं इथे काही चालत नाही. म्हणून घोळका. आम्ही खोपोलीच्या वळणावर जो गोंगाट समजत होतो, ते खरं तर हवेपासून लपायचं घर होतं. २०१८ मध्ये आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठातल्या बर्ट ब्लोकेन यांच्या गटाने १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास केला, संगणकावर आणि छोट्या प्रतिकृती ठेवून वाऱ्याच्या बोगद्यातही. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्यांना हवेचा विरोध किती होतो? एकट्याने चालवताना असतो त्याच्या फक्त ५ ते ६ टक्के. घोळका ताशी ५४ किलोमीटरने धावत असला, तर आतल्या माणसाला हवा लागते ती ताशी १२ ते १५ किलोमीटरने चालवल्यासारखी. भाजी आणायला निघालेल्या माणसाच्या वेगाची हवा.

हा आकडा कळला आणि शर्यतीकडे बघण्याची माझी नजरच बदलली. आतल्यांना जी हवा लागत नाही, ती पुढे कुणाला तरी लागत असते. शंभर-सव्वाशे माणसांच्या वाटणीचा वारा पुढचे दोन-चार जण छातीवर घेत असतात. त्यांना या खेळात ‘डोमेस्टिक’ म्हणतात, फ्रेंचमध्ये घरगडी. १९११ मध्ये टूरचा संस्थापक आंरी देग्रांज याने मोरिस ब्रोको नावाच्या सायकलपटूला हिणवून हा शब्द वापरला, कारण तो पैसे घेऊन दुसऱ्याला मदत करत होता. शिवी होती ती. आता व्यवसायाचं नाव आहे. संघात आठ जण, त्यातला एक जिंकायला आणि बाकीचे त्याला वाऱ्यापासून वाचवायला. त्याला पंक्चर झालं तर आपलं चाक काढून द्यायचं. मागे गाडीपाशी जायचं, सात-आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या, म्हणजे चार-पाच किलो पाणी अंगावर, आणि पन्नासच्या वेगाने पळणाऱ्या घोळक्यात पुन्हा पुढपर्यंत येऊन वाटायच्या. संपल्या की पुन्हा मागे. टूरच्या विजेत्याला पाच लाख युरो मिळतात आणि रिवाज असा की तो ते घरी नेत नाही, सहकाऱ्यांत आणि कामगारांत वाटतो. मला वाटतं, त्या बाटल्यांचा हिशेब त्याला माहीत असतो.

शर्यतीबाहेरचे आकडे फारसे कुणी मोजत नाही, पण आयुष्य तिथेच जातं. सराव आणि शर्यती मिळून वर्षाला ३० हजार किलोमीटरच्या आसपास. पृथ्वीचा घेर ४० हजार. दीड वर्षाच्या आतच एक प्रदक्षिणा. तेरा वर्षांची कारकीर्द झाली तर ३ लाख ९० हजार किलोमीटर, म्हणजे चंद्र गाठून वर थोडं उरलं. शर्यतीचे दिवस साठ ते नव्वद. त्याशिवाय विरळ हवेत रक्तातल्या लाल पेशी वाढाव्यात म्हणून तेनेरीफ बेटावरच्या तेइदे ज्वालामुखीसारख्या, दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी आठवडेच्या आठवडे मुक्काम. जिथे चालवायचं, खायचं, झोपायचं, आणि दुसरं काही करायला नाही. टूरमध्ये तर जवळपास रोज संध्याकाळी नवं हॉटेल. झोप बिघडू नये म्हणून अनेक संघ प्रत्येकाची गादी ट्रकमधून बरोबर नेतात. कालची जर्सी रात्री धुऊन सकाळी तयार. बाळाची पहिली पावलं फोनवर. आणि एवढं करून हाडं ठिसूळ होतात, कारण खोगिरावर बसलेल्या माणसाच्या हाडांना जमिनीचा दणका मिळतच नाही. तिशीतला मजबूत सायकलपटू पडतो तेव्हा गळपट्टीचं हाड इतक्या सहज मोडतं, त्याचं हेही एक कारण.

एक आकडा कटू आहे, तोही लिहायला हवा. टूरच्या विजेत्यांच्या यादीत १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे नाव नाही. लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदं उत्तेजकांमुळे २०१२ मध्ये काढून घेतली, आणि ती कुणालाच दिली नाहीत. त्या काळातला कुठला आकडा खरा मानायचा, हे ठरवता येईना म्हणून. त्या सात वर्षांत प्रामाणिकपणे विसावा, पन्नासावा, शंभरावा आलेला कुणीतरी होताच. त्याची झीज कुठल्याच यादीत नाही.

आपल्याकडच्या मातीतही हे वेड आहे, आणि ते वेगळ्या, आणखी लांब रस्त्यावर जाऊन पोचलं. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. इथे टप्पे नाहीत, विश्रांतीचा दिवस नाही, घोळक्याचा आडोसा नाही. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. झोपलात तर झोपेचा वेळही मोजला जातो. एकट्याने बारा दिवसांत पोचायचं, म्हणजे झोप धरून दिवसाला ४०० किलोमीटर. मुंबईहून कोल्हापूर आणि वर थोडं, रोज, सलग बारा दिवस. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ, दोघांनीही एकट्याने, बारा दिवसांच्या आत. चौघेही डॉक्टर. शरीराचं काय होणार आहे, हे चौघांनाही आधीच माहीत होतं.

आता आठ सेकंद.

१९८९. तेवीस जुलै, टूरचा शेवटचा दिवस, व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध. आघाडीवरच्याची पिवळी जर्सी लोराँ फिन्योंकडे, पन्नास सेकंदांची आघाडी. १९८३ आणि ८४ चा विजेता, गोलसर चष्मा, वाऱ्यावर उडणारी शेंडी. मागे ग्रेग लेमाँड, दोन वर्षांपूर्वी शिकारीत चुकून बंदुकीच्या छर्ऱ्यांनी चाळण झालेला, त्यातले कित्येक छर्रे अजून शरीरात असलेला. किलोमीटरमागे दोन सेकंदांहून जास्त कमावायचे होते. अशक्यच मानत होते सगळे. लेमाँडने हँडलला पुढे दोन दांड्या बसवल्या होत्या, हात एकत्र आणून हवेतून सुईसारखं घुसायला. तो ताशी ५४.५ किलोमीटरने पॅरिसला पोचला: २६ मिनिटं ५७ सेकंद. फिन्यों ५८ सेकंदांनी मागे. पन्नासची आघाडी गेली, वर आठ सेकंद गेले. रेषेपलीकडे तो रस्त्यावर कोसळला.

३,२८५ किलोमीटर आणि ८७ तास ३८ मिनिटांनंतर आठ सेकंद. त्यांच्या सरासरी वेगाने धरलं तर अंतर ८३ मीटरचं; श्रीनगर ते कन्याकुमारीच्या प्रवासात फलाटावरच्या चार डब्यांएवढं. किलोमीटरमागे बघितलं तर एका सेकंदाचा चारशेवा भाग. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्या तीन आठवड्यांत फिन्यों एकदा जास्त वेळ ब्रेक दाबून राहिला असेल, एकदा बाटली घ्यायला वळला असेल, एकदा चुकीच्या बाजूने वळण घेतलं असेल. आठ सेकंद कशात गेले हे कधीच कळणार नाही, आणि मला वाटतं तीच खरी क्रूर गोष्ट आहे. दोनदा टूर जिंकलेल्या या माणसाला लोक आयुष्यभर न जिंकलेल्या टूरबद्दल विचारत राहिले. २०१० मध्ये कर्करोगाने तो गेला, पन्नासाव्या वर्षी.

पुरुषांच्या टूरमध्ये याहून कमी फरक अजून झालेला नाही. महिलांच्या टूरमध्ये झाला. ऑगस्ट २०२४, आठ टप्पे, ९४६ किलोमीटर. गतविजेती देमी व्होलरिंग पाचव्या टप्प्यात पडली आणि पावणेदोन मिनिटं गमावून बसली. शेवटच्या दिवशी, एकवीस वळणांच्या आल्प द्युएझवर संपणाऱ्या टप्प्यात, तिने ती सेकंद-सेकंद करून परत ओढायला सुरुवात केली. टप्पा जिंकली. मागे कासिया नेव्हिआदोमा, चेहरा वेदनेने पिळवटलेला, घड्याळ चाललेलं. फरक: चार सेकंद, नेव्हिआदोमाच्या बाजूने. डोंगरमाथ्यावर दोघीही जमिनीवर पडून रडत होत्या, आणि पडद्यावर पाहणाऱ्याला काही क्षण कोण जिंकलं हे ओळखू येत नव्हतं.

पण खोपोलीच्या त्या वळणावर आम्ही राजाची वाट पाहत उभे असायचो, तसे आता मी शेवटून बघायला लागतो. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते: विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्के जास्त, त्यापलीकडे गेलात तर घरी. डोंगराच्या दिवशी जड अंगाचे स्प्रिंटर आणि दमलेले डोमेस्टिक मागे एकत्र जमतात, इटालियनमध्ये त्याला ग्रुपेत्तो म्हणतात, आणि तोंडी हिशेब करत निघतात: एवढे किलोमीटर, एवढी मिनिटं, जमेल, नाही जमणार. पुढे कोण जिंकलं याची त्यांना बातमीही नसते.

२०२१ ची टूर पोगाचारने सुमारे ८३ तासांत जिंकली. त्याच वर्षी मार्क कॅव्हेंडिशने चार टप्पे जिंकून एडी मर्क्सच्या ३४ टप्प्यांच्या विक्रमाशी बरोबरी केली; तीन वर्षांनी तो विक्रम त्याने ३५ वर नेला. ते चारही टप्पे घोळक्याच्या झेपेने संपले. म्हणजे आधी पळून गेलेल्यांना पकडायला कुणीतरी सपाट रस्त्यावर तासन्‌तास सगळ्यांच्या पुढे राहून घोळका ओढला. कॅव्हेंडिशच्या संघात ते काम करायचा बेल्जियमचा उंचापुरा टिम डेक्लर्क. सगळे त्याला ट्रॅक्टर म्हणत. टीव्हीवर टप्प्याचे पहिले तीन तास पडद्यावर तोच दिसायचा, पाठ आडवी, तोंड उघडं, मागे दीडशे माणसं. शेवटच्या दहा किलोमीटरला बाजूला व्हायचा आणि मग दिसायचा नाही.

पॅरिसमधल्या एकूण क्रमवारीत तो १४१ वा, सगळ्यांत शेवटचा आला. पोगाचारच्या मागे सुमारे पाच तास. मी पुन्हा माझा हिशेब केला: पाच तास, मिनिटाला ९० फेरे, उतार वजा. विजेत्यापेक्षा पंचवीस हजारांच्या आसपास जास्त वेळा पेडल फिरवून तो त्याच रेषेवर पोचला होता.